हजेरीपटावरचा गैरहजर

सहा-सात वर्षांपूर्वी ऐन श्रावणात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून त्याने हमरस्त्यालगत स्वतःचं गॅरेज टाकलं होतं, आणि ते बरं चाललंही होतं. "सर, तिसरा ईसीएम लावला, तरी गाडी उठत नाही," म्हणाला. गाडी चार वर्षांची, पेट्रोलवरची. चावी फिरवली की कधी स्टार्टर फिरे, कधी नुसती टिकटिक. डॅशबोर्डवर दिवाळी. आरपीएमचा काटा पडलेला. स्कॅनर लावला तर एबीएस, स्टीअरिंग आणि मीटर या तिघांतही एकच कोड, यू०१००. पडद्यावर त्याचा अर्थ यायचा, इंजिन कंट्रोलशी संपर्क तुटला. 'इंजिन कंट्रोल' एवढे दोन शब्द वाचून त्याने ईसीएम गेल्याचं ठरवून टाकलं होतं. एक नवा घेतला, एक जुन्या बाजारातून आणला, तिसरा ओळखीवर उसना मागितला. जुन्या बाजारातला तर इमोबिलायझरशी जुळवल्याशिवाय इंजिन सुरू होऊच देणार नव्हता, पण तो मुद्दा वेगळा.

मी विचारलं, "गाडी मध्यंतरी आणखी कुठे कामाला गेली होती का रे?"

"डेंटिंग-पेंटिंगला. महिना झाला असेल."

दुसऱ्या दिवशी जाऊन बॉनेट उघडलं. डाव्या बाजूच्या पत्र्यावर ईसीएमच्या अर्थचा बोल्ट होता. पेंटरने काम नीट केलं होतं, इतकं नीट की बोल्टखालच्या पत्र्यावरही छान रंग बसला होता, आणि त्या रंगावरच वायरचं टोक आवळलं होतं. पॉलिश पेपरचा एक तुकडा घेतला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट परत आवळला. गाडी पहिल्या सेल्फला उठली. मूळचाच ईसीएम लावून.

हे पुस्तक त्या दिवशी सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर मी वर्गात या एका कोडसाठी दोन तास राखून ठेवू लागलो, मग चार, मग वह्या भरल्या. त्या वह्यांचे धडे झाले. ते पुढे येतीलच. इथे मला फक्त हे सांगायचं आहे की हा कोड वाचायचा कसा, कारण तो चुकीचा वाचला गेला की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

वर्गात हजेरी घेताना गैरहजर मुलगा "मी गैरहजर" असं ओरडत नाही. त्याच्या नावापुढे काट मारतो तो मास्तर, शेजारचे सांगतात, "आला नाही, सर." यू०१०० हा असाच दुसऱ्यांनी मांडलेला गैरहजेरीचा शेरा आहे. तो इंजिनच्या ईसीएमने लिहिलेला नसतो. एबीएसने लिहिलेला असतो, मीटरने लिहिलेला असतो, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने लिहिलेला असतो. त्यांचं म्हणणं इतकंच, की इंजिनकडून दर काही मिलिसेकंदांनी जे बोलणं यायचं ते ठरल्या मुदतीत आलं नाही. मुलगा आजारी आहे, की बस चुकली, की शाळेचा दरवाजाच बंद होता, हे शेजाऱ्याला ठाऊक नसतं. गॅरेजमध्ये मात्र आपण हजेरीपट पाहतो आणि थेट मुलाच्या श्राद्धाची तयारी करतो.

कोडच्या पहिल्या अक्षराकडे आपण फार वरवर बघतो. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं, सी चॅसीकडचं, बी बॉडीकडचं आणि यू म्हणजे या सगळ्यांच्या आपसांतल्या बोलण्याचं. पी कोड बहुधा स्वतःच्या घरची तक्रार असते: माझा ऑक्सिजन सेन्सर मंद आहे, माझ्या तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर आहे. यू कोड शेजाऱ्याबद्दलचा असतो. म्हणून तो दिसला की पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा नसतो. 'कोण सांगतंय आणि कुणाबद्दल' हा असतो.

या बोलण्याचा इतिहास थोडक्यात. गाडीत इलेक्ट्रॉनिक डबे वाढू लागले तेव्हा प्रत्येक डब्यातून प्रत्येक डब्याकडे वेगळी वायर न्यावी लागे. हार्नेस मनगटाएवढा जाड होऊ लागला. १९८३ साली जर्मनीत बॉश कंपनीत उवे किंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांना मिळून एकच सामाईक लाइन देण्याचं काम हाती घेतलं. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन अभियंत्यांच्या परिषदेत ते जाहीर झालं, पुढच्या वर्षी इंटेलने त्याची चिप आणली, आणि १९९१ साली आलेल्या मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही पद्धत रस्त्यावर आली. तिचं नाव कॅन. १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे प्रमाण ठरलं. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून तपासणीसाठी कॅन सक्तीचं झालं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि स्कूटरलाही कार्बोरेटर सोडून इंजेक्शन आणि ईसीयू घ्यावा लागला. म्हणजे ज्या कारागिराला वाटत होतं की हे सगळं मोठ्या गाड्यांचं आहे, त्याच्याही दारात ते येऊन उभं राहिलं.

कॅनची लाइन म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी. एक हाय, एक लो. कुणी बोलत नसेल तेव्हा दोन्हींवर २.५ व्होल्ट. कुणी बोललं की हाय ३.५ वर जाते आणि लो १.५ वर येते. ऐकणारा दोघींमधला फरक तेवढा बघतो. पीळ कशासाठी, तर इग्निशन कॉइलचा किंवा अल्टरनेटरचा बाहेरचा खडखडाट दोघींवर सारखाच पडतो आणि फरक काढताना तो आपोआप गळतो. तुटलेली वायर जोडताना पीळ उलगडून हातभर सरळ वायर टाकणारे कारागीर मी पाहिलेत. गाडी चालते. मग पुढे कधीतरी, एसी लावल्यावर किंवा भर ट्रॅफिकमध्ये, एबीएसचा दिवा लुकलुकतो, आणि त्या जोडाची आठवण तोवर कुणालाच राहिलेली नसते.

या लाइनवरचा शिष्टाचार मला फार आवडतो. इथे कुणी कुणाला नाव घेऊन हाक मारत नाही. इंजिन म्हणतं, आरपीएम इतके. ज्याला हवं तो ऐकतो, ज्याला नको तो सोडून देतो. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो, आणि दोघे एकदम बोलू लागले तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो, मोठ्या क्रमांकाचा गप्प बसून थांबतो. विशेष म्हणजे जिंकणाऱ्याचं वाक्य मधे तुटत नाही, त्याला पहिल्यापासून बोलावं लागत नाही. आपल्या ग्रामसभांना हे जमलं असतं तर! आणि एखादा डबा सारखा चुकतच राहिला, तर त्याच्या चुकांची मोजणी त्याच्या स्वतःच्याच आत चालू असते. पाठवण्यातली चूक झाली की मोजणी ८ ने वाढते, संदेश नीट गेला की १ ने उतरते. ती २५५ च्या वर गेली की तो आपणहून लाइनवरून बाजूला होतो, इतरांचं बोलणं बिघडू नये म्हणून. याला बस-ऑफ म्हणतात. त्या क्षणी शेजारी यू०१०० लिहितात, आणि ईसीएम मात्र आत धडधाकट असतो. चावी बंद करून परत चालू केली की पुष्कळदा तो लाइनवर परत येतो. अशा गाडीचा मालक सांगतो, "बंद करून चालू केली की ठीक होते हो." त्याला हसू नका. ते वाक्य तुमचा निम्मा तपास करून देतं.

आता तपासाकडे. सगळ्या डब्यांत यू०१०० आहे, की एकाच डब्यात? सगळे एकमुखाने सांगत असतील तर इंजिनचा ईसीएम खरोखर गप्प आहे. एकच सांगत असेल आणि बाकीचे इंजिनशी सुखाने बोलत असतील, तर त्या सांगणाऱ्याचे कान तपासा, म्हणजे त्याच्याकडे जाणारी फांदी. स्कॅनर स्वतः ईसीएमशी बोलतो का? बोलत असेल तर कोड बहुधा जुना आहे, होऊन गेलेल्या प्रसंगाचा. कोड आत्ताचा की मागचा हे चांगला स्कॅनर सांगतो, आणि ते न बघता काम सुरू करणं म्हणजे पंचनाम्याची तारीख न वाचता आरोपी धरणं.

इथे ब्लूटूथच्या छोट्या, स्वस्त स्कॅनरबद्दल एक गोष्ट बोलून घेतो. तो प्रामुख्याने प्रदूषणाशी संबंध असलेल्या कंट्रोलरशी, म्हणजे मुख्यतः इंजिनच्या ईसीएमशी बोलतो. तोच गप्प असेल तर हा स्कॅनर 'कनेक्ट होत नाही' एवढंच सांगून थांबतो. माणसाला वाटतं स्कॅनरच खराब, म्हणून तो दुसरा विकत घेतो. वास्तविक एबीएस आणि मीटरच्या पोटात तक्रार लिहून ठेवलेली असते, पण ती वाचायला सगळ्या डब्यांशी बोलणारा स्कॅनर लागतो. कनेक्ट न होणं हीसुद्धा माहिती आहे. ती फुकट मिळालेली असते आणि आपण ती फेकून देतो.

ईसीएम गप्प असेल तर पहिला संशय त्याच्या जेवणावर: सप्लाय आणि अर्थ. मेन रिले, फ्यूज, ईसीएमच्या कपलरमधल्या सप्लायच्या पिना, अर्थच्या पिना. आणि इथेच आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी चूक होते. अर्थ बघायला लोक मीटर ओहमवर लावतात. मीटर ०.२ दाखवतो, कारागीर समाधानी. पण दहा तारांपैकी एकच तार उरलेली वायरही मीटरच्या त्या इवल्याशा करंटला ०.२ च दाखवते. भार पडला की तिचा दम निघतो. म्हणून तपासायचा तो भाराखालचा व्होल्टेज ड्रॉप: चावी चालू, सगळं जोडलेलं, मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनेला मागून टेकवलेलं. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ आजारी. सुरुवातीच्या गाडीत रंगाच्या थरामुळे हेच झालं होतं. सप्लायच्या बाजूलाही हाच न्याय. ज्यांनी आयुष्यभर टेस्ट लॅम्पवर काम केलं त्यांना मी सांगतो, सप्लायला लॅम्प लावा, भार देऊन बघायला तो उत्तमच आहे, पण कॅनच्या वायरींना त्याचं टोक चुकूनही टोचू नका.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही ठीक निघाले तरच लाइनकडे वळायचं. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ नंबरची पिन कॅन हाय, १४ नंबरची कॅन लो. ४ आणि ५ अर्थ, १६ वर बॅटरी. बॅटरीची वायर काढून, काही मिनिटं थांबून, ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमची एकेक रोधिका असते, दोन्ही समांतर, म्हणून मीटर ६० च्या आसपास दाखवतो. १२० दाखवला तर एक टोक सुटलंय. शून्याच्या जवळ दाखवला तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना भिडल्यात. कितीतरी गाड्यांत एक रोधिका इंजिनच्या ईसीएममध्येच बसवलेली असते. अशा गाडीत ईसीएमचा कपलर काढून हार्नेसच्या बाजूने मोजलं आणि १२० आलं, तर दुसऱ्या टोकापर्यंतची वायर शाबूत असल्याचा पुरावा हातात येतो. मात्र सॉकेट आणि इंजिनच्या लाइनमध्ये गेटवे नावाचा द्वारपाल बसवलेल्या गाड्यांत सॉकेटवरचं माप इंजिनच्या लाइनबद्दल काहीच सांगत नाही. तिथे डायग्रॅम हवीच.

मग बॅटरी जोडून, चावी चालू करून, दोन्ही पिनांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. साधा मीटर सरासरी दाखवतो: हाय अडीचच्या थोडी वर, लो अडीचच्या थोडी खाली, दोन्हींची बेरीज पाचाच्या आसपास. बेरीज बिघडली की लाइन सप्लायला किंवा अर्थला शिवते आहे असं धरा आणि एकेक डब्याचा कपलर काढत जा. ज्या क्षणी बेरीज सुधारेल, त्याच डब्याकडे किंवा त्याच्या फांदीकडे बघा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, पण तो नाही म्हणून कुणाचं अडायला नको. माझ्या वह्यांतल्या बहुतेक गाड्या साध्या मीटरवरच सुटल्या आहेत.

आपल्या हवापाण्यात कारणं ठरलेली आहेत. पहिलं पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कोल्हापूर-सांगलीकडे पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून चालू झाल्या, पण कपलरच्या पोटातलं पाणी तिथेच राहिलं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं तशी पिन आतून कळकते, हिरवी होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोड येऊ लागतात. वातीतून तेल चढतं तसं पाणी तांब्याच्या तारांमधून आवरणाच्या आत वर चढतं, त्यामुळे ओल शिरलेली जागा आणि बिघाडाची जागा यांत हातभर अंतर असू शकतं. दुसरं कारण उंदीर. गणपतीच्या वाहनाला आपल्या वाहनाचं अजिबात वावडं नाही, विशेषतः थंडीत गरम इंजिनाशेजारी. कुरतडलेल्या दोन वायरींपैकी एकच तुटली तरी लाइन आजारी पडते, आणि वरून टेप गुंडाळलेल्या हार्नेसमध्ये ते दिसत नाही, हाताने चाचपावं लागतं. तिसरं आपलंच कर्तृत्व: म्युझिक सिस्टिम, रिमोट लॉक, जीपीएस, अलार्म. दुकानदाराला वायर शोधायला वेळ नसतो, तो दिसेल तिथे टॅप मारतो. गाडी गॅरेजमध्ये आली की मी आधी विचारतो, अलीकडे काय बसवलंत? निम्म्या वेळा उत्तर येतं, काही नाही. आणि निम्म्या वेळा ते खोटं असतं.

चौथं कारण उतरलेली बॅटरी, आणि तिच्यापायी जेवढे निरोगी ईसीएम बदलले गेले तेवढे कशानेच गेले नसतील, असं मला वाटतं. सेल्फ मारताना व्होल्टेज धाडकन खाली येतं. प्रत्येक डब्याची सोसण्याची ताकद वेगळी, काही आधी बंद पडतात, काही जागे राहतात. जागे असतात ते झोपलेल्यांबद्दल लिहून ठेवतात. सकाळी जंप देऊन गाडी सुरू होते, पण कोडची रांग लागलेली असते. अशा वेळी बॅटरी चार्ज करा किंवा बदला, कोड पुसा, दोन दिवस गाडी चालवा. परत आले तरच पुढे जा.

आणि ईसीएम खरोखर जातो तेव्हा? जातो. पाणी शिरून जातो, चुकीच्या वेल्डिंगने जातो, उलटी जोडलेली बॅटरी त्याला मारते. पण ते म्हणण्याचा हक्क सप्लाय, अर्थ आणि लाइन तिन्ही तपासल्यावर येतो. त्याआधी ईसीएमचं नाव घेणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज खेळत असतो. हे मत कडक आहे हे मला ठाऊक आहे.

भाषेबद्दल थोडं. पुस्तकात मी कपलर, अर्थ, सप्लाय, हार्नेस, शॉर्ट हेच शब्द ठेवले आहेत. 'संयोजक', 'भूसंपर्कन' असे शब्द घातले असते तर परीक्षक खूश झाले असते, पण गॅरेजमधल्या पोराने पुस्तक मिटलं असतं. जिथे मराठी शब्द तोंडात आहे तिथे तो आपसूक आला आहे. पीळ, जोड, फांदी, कळकणे हे कारागिरांचेच शब्द आहेत.

एक तक्रार मात्र सरकारदरबारी आणि कंपन्यांच्या दारी करून ठेवतो. वायरिंग डायग्रॅमशिवाय हे काम म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं आहे, आणि छोट्या गॅरेजला ती डायग्रॅम सरळ मार्गाने मिळणं आजही कठीण आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात करायचं ठरलं त्यांत मोटारगाड्याही होत्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही आलं. तालुक्याच्या गावातल्या कारागिराला आपल्या पुढ्यातल्या गाडीची डायग्रॅम रास्त दरात मिळेल, तोवर हे काम अर्धंच झालं म्हणायचं.

पुढचे धडे क्रमाने वाचलेत तर बरं, पण गाडी लिफ्टवर चढलेली असेल तर सरळ चौथ्या धड्यापासून, व्होल्टेज ड्रॉपपासून, सुरू करा. आणि त्याआधी मल्टिमीटरमध्ये नवी बॅटरी टाका, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तो शून्य दाखवतो की नाही ते पाहून घ्या.